दुरुस्त केलेली गाडी घाटात दम का टाकते?

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात आमची गाडी पहिल्यांदा अडली. दहा वर्षं चाललेली पेट्रोलची छोटी हॅचबॅक, मी घेऊन चारच महिने झाले होते. आदल्या आठवड्यात तिचं मोठं काम झालं होतं. कूलंट सारखं कमी होत होतं, म्हणून हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, हेडला फेसिंग मारून आणलं आणि खोललंच आहे तर टाइमिंग बेल्टही नवा घातला. सपाट रस्त्यावर कसलीच शंका आली नाही. घाट लागला आणि चौथ्या गिअरमधली गाडी तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर आणावी लागली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही वेगाचा काटा चाळिशी ओलांडेना. मालट्रक मागून येऊन पुढे निघून गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, शेवटी टाकीतला फ्युएल पंपही बदलला. पैसे गेले, गाडी होती तशीच राहिली. खरा दोष सापडला तो दुसऱ्या एका मेकॅनिककडे. त्यांनी एकही पार्ट बदलला नाही. दोन गेज लावली आणि आकडे वाचले. त्या दिवशी त्यांनी जे समजावून सांगितलं आणि पुढे मी जे वाचत, विचारत गेलो, ते इथे मांडतो. जुनी गाडी घेऊन तिचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला ‘आधी बरी होती, आता पिकअप नाही’ हा अनुभव कधी ना कधी येतो.

इंजिन खातं काय?

चूल पेटवायला लाकूड, हवा आणि काडी लागते. इंजिनालाही पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. फरक एवढाच, की इंजिन हे मिश्रण पेटवण्याआधी दाबतं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं बंद करून दांडा दाबला की आत जो दाब तयार होतो, तसाच दाब सिलिंडरमध्ये हवा. मेकॅनिक त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. दाब नसेल तर पेट्रोल जळेल, पण पिस्टनला खाली ढकलणारा धक्का लेचापेचा बसेल.

या सगळ्यात हवा किती लागते याचा अंदाज आपल्याला नसतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजायचं तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा! म्हणजे इंजिन हे मुळात हवा ओढणारं आणि बाहेर फेकणारं यंत्र आहे, पेट्रोल ही त्यातली चिमूटभर फोडणी. म्हणून ताकद कमी पडली की पहिला प्रश्न विचारायचा तो हवेचा: ती पुरेशी आत येते का, आत नीट दाबली जाते का आणि जळल्यावर बाहेर जाते का.

हे सगळं घडतं ते किती वेळात? इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल, तर एका सिलिंडरला हवा ओढून घ्यायला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. दर सेकंदाला त्याच सिलिंडरमध्ये पंचवीस वेळा ठिणगी पडते. इतक्या घाईच्या कामात एखादी गोष्ट किंचित उशिरा झाली तरी तिचा परिणाम ड्रायव्हरच्या पायाला कळतो.

शेवटचा हात कुठे लागला?

दुरुस्तीनंतर बिघडलेल्या गाडीत शोध सुरू करायचा तो शेवटचं काम जिथे झालं तिथून. हा मेकॅनिकवर अविश्वास नाही, साधा तर्क आहे. सोमवारी ठीक असलेला इंजेक्टर आणि सोमवारी ठीक असलेला फ्युएल पंप मंगळवारी हेड उतरवलं म्हणून आपोआप बिघडत नाहीत. पण हेड उतरवताना जे जे सुटं केलं, ते ते परत लावताना चुकू शकतं.

एका हेडच्या कामात काय काय सुटतं ते पाहिलं की याचा आवाका कळतो. इनटेक मॅनिफोल्ड निघतं, एक्झॉस्टचा पाइप निघतो. इंजेक्टरचे, कॉइलचे आणि निम्म्याहून जास्त सेन्सरचे कनेक्टर निघतात. बारीक रबरी नळ्या निघतात. टाइमिंग बेल्ट निघतो. बॅटरीची वायर काढली की कॉम्प्युटरनं गाडीबद्दल शिकलेलं बरंच काही पुसलं जातं.

त्यातल्या काही चुका पटकन ओळखू येतात. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिला, तर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा थंड इंजिनातही सतत फिरत राहतो. पाणी किती तापलंय हे कॉम्प्युटरला कळत नाही, तो सावधगिरी म्हणून पंखा लावून ठेवतो आणि पेट्रोलचा हिशेबही अंदाजानं करतो. नॉक सेन्सर लावायचा राहिला तर इंजिनाला ठोके बसतील या धास्तीनं कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकायला लागतो आणि गाडी जड वाटते.

प्लगच्या वायरींची अदलाबदल हा त्याहून फसवा प्रकार. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. काही गाड्यांत एकच कॉइल १ आणि ४ या दोघांना एकाच वेळी ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ यांना. तिथे १ आणि ४च्या वायरी उलटसुलट लावल्या तरी काहीच बिघडत नाही. पण १ आणि ३ची अदलाबदल झाली की गाडी खोकत, मिसिंग करत चालते.

हेड बसवण्यातली चूक लगेच दिसत नाही. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं आवळायचे असतात. बऱ्याच इंजिनांत ते आवळताना किंचित ताणले जातात आणि म्हणून एकदा काढले की नवेच लावायचे असतात. हेडचा पृष्ठभाग किती वाकडा चालतो? कित्येक गाड्यांत मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. इथे हयगय झाली तर गॅस्केटच्या एका बारीक वाटेनं शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकमेकांत निसटतो. कॉम्प्रेशन मोजताना लगतचे दोन सिलिंडर कमी आणि बाकीचे ठीक निघाले, तर हाच संशय घ्यायचा.

एका दाताची चूक

इंजिनात दोन दांडे असतात. खालचा क्रँकशाफ्ट पिस्टनना वरखाली करतो. वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. हवा ओढणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं या चार पावलांत क्रँकच्या दोन फेऱ्या होतात आणि कॅमची एक. दोघांना बांधून ठेवतो तो दातेरी टाइमिंग बेल्ट (काही गाड्यांत त्याऐवजी चेन असते). लेझीम पथकात ढोलाचा ठेका आणि पावलं जशी जुळलेली असतात, तसे हे दोघं जुळलेले हवेत.

आता समजा, बेल्ट बसवताना एक दात चुकला. क्रँकच्या पुलीला २० दात असतील, तर एक दात म्हणजे १८ अंश. बेल्टकडे नुसतं पाहून हे कळत नाही. गाडी सुरू होते, आवाजही ठीक येतो. आत मात्र असं होतं: पिस्टन हवा ओढून खाली गेला आणि परत वर यायला निघाला. नेमक्या वेळी व्हॉल्व्ह मिटायला हवा होता, तो उशिरा मिटतो. तेवढ्यात पिस्टननं आत आलेल्या हवेतली काही पुन्हा इनटेकमध्ये ढकलून दिलेली असते. सायकलच्या पंपावर अंगठा उशिरा ठेवल्यासारखं. उरलेल्या हवेवर इंजिन चालतं, आणि चारही सिलिंडरमध्ये सारखंच चालतं. म्हणूनच ते मिसिंग करत नाही, थरथरत नाही, फक्त कमी ओढतं.

इंजिन जोरात फिरत असताना मात्र आत धावत येणाऱ्या हवेला स्वतःचाच वेग असतो. व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटला तरी ती मागे फिरत नाही, आत घुसतच राहते. त्यामुळे अशी गाडी वरच्या फेऱ्यांना बऱ्यापैकी पळते आणि खालच्या फेऱ्यांना, म्हणजे नेमकी घाटात, दम टाकते. माझी गाडी अगदी अशीच वागत होती.

त्या मेकॅनिकनी आधी इनटेकला व्हॅक्युम गेज लावलं. पिस्टन हवा ओढतात आणि थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, म्हणून आयडलिंगला इनटेकमध्ये पोकळी तयार होते. समुद्रसपाटीला ठणठणीत इंजिनात ती पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांइतकी असते. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतं, म्हणजे नाशिक-पुण्याला दोनेक इंच वजा करायचे. माझ्या गाडीत काटा तेराला होता आणि स्थिर होता. मग कॉम्प्रेशन मोजलं. १८० पीएसआयच्या जवळ हवं होतं, तिथे चारही सिलिंडर १४५च्या आसपास. ‘एकाच वेळी चारही सारखे झिजत नाहीत, कॅम मागे आहे,’ ते म्हणाले. कव्हर उघडलं, खुणा जुळवून पाहिल्या. कॅम खरंच एक दात मागे होता.

काही गाड्यांत अशा चुकीवर चेक लाइट लागतो आणि पी००१६ हा कोड येतो. क्रँक आणि कॅमचा मेळ नाही, असा त्याचा अर्थ. पण प्रत्येक कॉम्प्युटर एका दाताच्या चुकीवर बोट ठेवतोच असं नाही. माझ्या गाडीत लाइट लागला नव्हता. ही चूक टाळायचा उपाय अगदी साधा आहे. बेल्ट बसवल्यावर स्टार्टर मारण्याआधी पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. दोन फेरे, कारण तेव्हाच कॅमचा एक फेरा पुरा होतो. जास्त दात चुकले असतील तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. हातानं फिरवताना अडलं की थांबता येतं, स्टार्टरला थांबता येत नाही.

स्ट्रॉला पडलेलं भोक

उसाचा रस पिताना स्ट्रॉला भोक असेल, तर रसाबरोबर हवाही तोंडात येते. इनटेक मॅनिफोल्डचं जुनं गॅस्केट तसंच ठेवलं, एखादी रबरी नळी लावायची राहिली किंवा जुनं ताठरलेलं रबर काढताना तडकलं, की इंजिनातही हेच होतं. याला व्हॅक्युमची गळती म्हणतात. दुरुस्तीनंतरचा हा फार नेहमीचा दोष आहे.

काही गाड्यांत आत येणारी हवा दारातच मोजतात. तिथे चोरवाटेनं आलेली हवा हिशेबात येत नाही, पेट्रोल कमी पडतं आणि आयडलिंग अडखळतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान मोजून हिशेब होतो. तिथे चोरवाटेची हवाही मोजली जाते, कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवतो आणि इंजिन आयडलिंगला नऊशेऐवजी तेरा-चौदाशे फेऱ्यांवर गुरगुरत राहतं.

पण एक लक्षात घ्या. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल सताड उघडतो, पोकळी जवळजवळ नाहीशी होते आणि बारीक भोकाला ओढायला काही उरत नाही. म्हणजे गळतीचा त्रास सिग्नलला होतो, चढावर होत नाही. फक्त चढावर दम टाकणाऱ्या गाडीत नळ्या हुंगत बसणं म्हणजे चुकीच्या घरी चोर शोधणं.

चव घेणारा आचारी

आचारी आमटी चाखतो आणि पुढच्या वेळी मीठ कमी-जास्त करतो. गाडीत हे काम सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर करतो. जळून बाहेर आलेल्या वायूत प्राणवायू उरलाय का, हे तो सांगतो आणि कॉम्प्युटर पुढच्या फेरीला पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. किती टक्के वाढवावं लागलं, याचा आकडा स्कॅनरवर वाचता येतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. तो शून्याच्या आसपास, दहा टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक.

आकड्यापेक्षा तो कधी चढतो हे महत्त्वाचं. दारात हवा मोजणाऱ्या गाडीत तो आयडलिंगला वीस टक्के आणि रेस केल्यावर खाली येत असेल, तर हवा गळते आहे. आयडलिंगला ठीक आणि चढावर वाढत असेल, तर पेट्रोलच पुरत नाही. विहिरीवरच्या मोटरच्या फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की एक नळ नीट चालतो, पण शेताला पाणी सोडलं की धार बारीक होते. तुंबलेला फ्युएल फिल्टर आणि दमलेला पंप तसेच वागतात. माझा पंप बदलण्याआधी हा एक आकडा कुणी पाहिला असता, तर तो खर्च टळला असता.

स्कॅनर जोडायचं ओबीडी सॉकेट भारतात बीएस-४ गाड्यांबरोबर २०१० नंतर रुळलं. २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीत ते स्टिअरिंगखाली सापडेलच. मोबाइलला जोडायचं छोटं ओबीडी उपकरण घेतलं तर हे आकडे घरी वाचता येतात. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे कोड सांगत नाही. तो गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं असतं. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलमध्ये, पी०३०१च राहिला तर दुसरीकडे.

चौकट : गाडी कधी दम टाकते?

फक्त सिग्नलला अडखळते, धावताना ठीक : व्हॅक्युमची गळती, घाण झालेला थ्रॉटल.
खालच्या फेऱ्यांना मंद, वरच्या फेऱ्यांना बरी : टाइमिंग.
सुरुवातीला ठीक, फेरे वाढवले की गुदमरते : तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा कमी पडणारं पेट्रोल.
लयीत धक्के, मिसिंग : एका सिलिंडरची ठिणगी, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.
काळा धूर आणि पेट्रोलचा वास : पेट्रोल जास्त, दाबाचा किंवा तापमानाचा सेन्सर तपासा.
फेरे वाढतात, वेग वाढत नाही : क्लच प्लेट.

जुन्या मालकाकडून आलेलं

टाइमिंग, कनेक्टर, नळ्या सगळं बरोबर निघालं, की मग गाडीच्या पूर्वायुष्याकडे वळायचं. हेड गॅस्केट गेलेली गाडी बराच काळ तशीच चालवली असेल, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं कूलंट जळून सायलेन्सरच्या वाटेनं जातं. त्यातले सिलिकेट ऑक्सिजन सेन्सरवर पांढरट थर चढवतात, कन्व्हर्टरलाही मारक ठरतात. कन्व्हर्टर म्हणजे बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट. ती वितळली किंवा तुंबली की धुराडं बंद झालेल्या चुलीसारखी गत होते: धूर बाहेर जात नाही, म्हणून नवी हवा आत येत नाही. व्हॅक्युम गेज लावून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं आणि काटा हळूहळू उतरत गेला, तर इथे शंका घ्यायची.

कॉम्प्रेशन एखाद्याच सिलिंडरमध्ये कमी असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलनं फट भरली. वाढला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये.

गाडीला सीएनजी किट असेल तर तपासणी फार सोपी होते. तोच चढ आधी पेट्रोलवर चढा, मग सीएनजीवर. सीएनजीवर दहा टक्क्यांच्या आसपास ताकद तशीही कमी मिळते, कारण वायू हवेची जागा अडवतो. पण पेट्रोलवर मरगळलेली आणि सीएनजीवर नेहमीसारखी गाडी म्हणजे दोष पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरचा. दोन्हींवर सारखीच मरगळली तर पेट्रोलच्या वाटेला हात लावू नका. टाइमिंग, कॉम्प्रेशन, सायलेन्सर पाहा. फक्त सीएनजीवर मिसिंग होत असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघा, कारण वायू पेटवायला जास्त जोमदार ठिणगी लागते.

दोष इंजिनात नसेलही

कधी इंजिन निर्दोष असतं. एखाद्या चाकाचा ब्रेक अडकलेला असतो. सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून गाडी ढकलून पाहा. छोटी गाडी एका माणसाला हलायला हवी. थोडं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात धरा, स्पर्श करू नका. एकच चाक भगभगत असेल तर उत्तर मिळालं.

सध्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे बोट दाखवलं जातं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सातेक टक्के ऊर्जा कमी भरते. मायलेज उतरतं हे खरं, जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवायला हवं हेही खरं. पण दुरुस्तीच्या आठवड्यात अचानक गेलेल्या पिकअपचं ते उत्तर नव्हे. उंचीचंही तसंच. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्के घटते. महाबळेश्वरला म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास घट होते. तेवढी घट प्रत्येक गाडीला सोसावी लागते, पण तिनं चौथ्याची गाडी दुसऱ्यावर येत नाही.

बेल्ट एक दात पुढे घेतल्यावर माझ्या गाडीचा काटा तेरावरून अठरावर गेला. कसारा ती आता तिसऱ्या गिअरमध्ये चढते. हेडचं काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकना दोनच गोष्टी मागा: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून बिलाच्या मागे लिहून द्या आणि माझ्याबरोबर एक चढ चढून या. कॉम्प्रेशन मोजायला अर्धा-पाऊण तास पुरतो.